प्राथमिक वर्गात लेखन शिकवताना : गोव्यातील नव्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) पूर्ण करून गोव्यातील मराठी प्राथमिक शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकाला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट जाणवते. वर्गातील बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात, औद्योगिक वसाहतींच्या जवळच्या शाळांत कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलेही असतात, आणि या सर्वांना लिहायचे मात्र मराठीत असते. त्यातच पेडणे, सत्तरी, काणकोण अशा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांच्या शाळांत पटसंख्या कमी असल्याने एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळावे लागतात. अशा वर्गांत अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे : अक्षर, आशय आणि शुद्धता या तीन गोष्टी मुलाकडून एकाच वेळी मागू नयेत.

अक्षराचे काम पहिलीत आणि दुसरीच्या पूर्वार्धात मनापासून करावे. मुळाक्षरे वर्णमालेच्या क्रमाने गिरवून घेण्यापेक्षा वळणाच्या सारखेपणाने घ्यावीत. म्हणजे व, ब, क एकत्र, ग, म, भ, न एकत्र, ट, ठ, ढ एकत्र. हाताला एक वळण बसले की पुढचे अक्षर फारसे शिकवावे लागत नाही. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर डावीकडून उजवीकडे द्यायला लावावी, कारण प्रत्येक अक्षरावर तुटक रेघ देणाऱ्या मुलाला दोन शब्दांमधली मोकळी जागा दिसत नाही आणि ते सगळे वाक्य सलग लिहून टाकते. पाटी आणि दुरेघी वही यांचा उपयोग अजूनही आहे. मात्र सुंदर अक्षर आले म्हणजे लेखन आले, असा समज पालकांत आणि कधीकधी आपल्यातही असतो, तो वेळीच दूर केला पाहिजे.

आशयाचे काम सर्वांत अवघड आहे आणि तेच सर्वांत दुर्लक्षित राहते. ‘पावसाळा’, ‘माझी शाळा’, ‘माझा आवडता प्राणी’ हे निबंध फळ्यावर लिहून द्यायचे, मुलांनी ते उतरवून घ्यायचे आणि परीक्षेत पाठ म्हणावे तसे लिहायचे, ही पद्धत मुलाला लेखनापासून कायमची दूर नेते, असे मला वाटते. मुलाने जे डोळ्यांनी पाहिले आहे आणि जे आपल्याला ठाऊक नाही, ते त्याला विचारावे. चतुर्थीची सुट्टी संपल्यावर तिसरीतील एका मुलीने लिहिलेला मजकूर असा होता : ‘आमच्या घरी माटोळी असते. माटोळी छान असते. मला माटोळी आवडते.’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या मूर्तीच्या वर टांगलेली, रानातल्या फळांनी सजवलेली लाकडी चौकट.) तिन्ही वाक्ये शुद्ध होती. वहीवर बरोबरची खूण करून पुढे जाता आले असते. त्याऐवजी तिला शेजारी बसवून मी विचारले की माटोळीचे सामान रानातून कोण आणतो, ती बांधायला वर कोण चढतो, पहिल्यांदा काय बांधतात. ती बराच वेळ बोलत राहिली. मग जे बोललीस तेच लिही, एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणले की बाबा आणि काका सकाळी रानात गेले, काकांनी कवंडाळ (एक रानफळ) काढताना हाताला खरचटून घेतले, आजीने सुपारीचा घड मधोमध बांधायला लावला आणि आंबाडे कमी पडले म्हणून शेजारच्या घरून आणले. या मजकुरात ऱ्हस्वदीर्घाच्या अनेक चुका होत्या, पण ते लेखन होते.

म्हणून आधी बोलणे, मग लिहिणे हा क्रम कधीही मोडू नये. बोलताना मुलाने कोकणीत सांगितले तर सांगू द्यावे. लिहितानाही सुरुवातीला ‘आंबो’, ‘शाळेंत’ अशी रूपे येतील. ती अशुद्ध मराठी म्हणून लाल शाईने गोल करू नयेत, कारण मुलाने आपल्या घरची भाषा अचूक ऐकून अचूक लिहिलेली असते. घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात, एवढे शांतपणे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवले तर मुले दोन्ही रूपे वेगवेगळी ओळखू लागतात. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामकाजातील वापरही मान्य झाला; या दोन भाषांविषयी मोठ्यांमध्ये जो वाद होतो, तो वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच राहावा.

शुद्धतेकडे तिसरीपासून नेटाने वळावे, पण एका वेळी एकच नियम घ्यावा. उदाहरणार्थ, फूल, मूल, पूल यांतला उकार दीर्घ आणि फुलाला, मुलाने, पुलावर यांत तो ऱ्हस्व, हा नियम घेतला की त्या पंधरवड्यात वही तपासताना फक्त तेवढ्याच चुका दाखवाव्यात. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरावा. हे शिक्षकाला जड जाते आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना वही अर्धवट तपासल्यासारखी वाटू शकते. तेव्हा पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्या पंधरवड्याचा नियम लिहून ठेवावा, म्हणजे प्रश्न उरत नाही. श्रुतलेखनही त्याच नियमाच्या शब्दांचे घ्यावे.

तिसरीअखेर प्रत्येक मूल समजून वाचू आणि लिहू शकावे, असे उद्दिष्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने 2026-27 पर्यंतसाठी ठेवले आहे. त्यासाठीचे तक्ते भरावे लागतात, ते भरावेत. परंतु लेखनात मूल कुठे पोचले आहे हे तक्त्यापेक्षा वहीतून अधिक नेमके कळते. एकत्र वर्गात यासाठी वेळ काढायचा तर रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटे सर्वांनीच लिहावे : पहिलीने चित्र काढून खाली एक शब्द, दुसरीने दोन-तीन वाक्ये, तिसरी-चौथीने कालची एखादी घटना. रोज सगळ्यांचे तपासणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. रोज दोघा-तिघांचे लेखन वर्गात मोठ्याने वाचावे आणि ऐकणाऱ्या मुलांनी लिहिणाऱ्याला एक तरी प्रश्न विचारावा. प्रश्न आला की पुढच्या वेळी मूल आपोआप अधिक तपशील देते.

पालकसभेत गुणपत्रिकेसोबत जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांतील मुलाचे एकेक पान शेजारी ठेवून दाखवावे. स्वतः फारसे न शिकलेल्या आईलाही त्यातला फरक दिसतो. आणि बदलीचा आदेश आला तर या वह्या कपाटात बंद न करता पुढच्या शिक्षकाच्या हाती द्याव्यात, प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर त्या मुलाची कोणती चूक सुटली, कोणती राहिली आणि त्याला कशाबद्दल बोलायला आवडते, हे लिहून.