हृदय आणि कॅल्शियम: या चुका टाळा

फर्स्ट इयरची व्हायवा जवळ आली की पेठांतल्या झेरॉक्सच्या दुकानांतून एकपानी नोट्स फिरू लागतात आणि "हृदयाचा स्नायू कसा आखडतो?" विचारलं की माझ्यासमोर तेच उत्तर येतं: "सर, करंट आला, एसआरमधून कॅल्शियम सुटलं, स्नायू आखडला."

एसआर म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम, स्नायूपेशीतलं कॅल्शियमचं कोठार. पण हे उत्तर मांडीच्या स्नायूचं झालं. तिथे टी-ट्यूब्यूलमधला (पेशीच्या पडद्याच्या आत गेलेल्या नळीतला) चॅनेल रायनोडिन रिसेप्टरला, म्हणजे एसआरच्या दाराला, थेट ढकलून उघडतो; बाहेर कॅल्शियम नसलं तरी काही वेळ निभतं. हृदयात पेशीच्या पडद्यावरच्या एल-टाइप चॅनेलमधून बाहेरचं थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं. ते रायनोडिन रिसेप्टर उघडतं, मग एसआरमधला मोठा साठा सुटतो. विरजणाशिवाय दही लागत नाही.

हे मला पाठ होतं, कळलं नव्हतं. बेडकाची प्रॅक्टिकल्स चालू होती तेव्हा एका जुलैत मी रिंगरचं द्रावण (बाहेर काढलेलं हृदय चालतं ठेवणारं क्षारांचं पाणी) घाईत केलं. सगळे क्षार एकदम, थोड्याच पाण्यात. कॅल्शियम क्लोराइड आणि बायकार्बोनेटची गाठ पडली, पाणी दुधाळ झालं. मी शहाण्यासारखं गाळून घेतलं! नोंद घेणाऱ्या फिरत्या ड्रमवरचे ठोके बुटके होत होत सपाट. मी ठोके लिहिणारी दांडी चाचपतोय, दोरा बदलतोय, पोरं हसतायत. शेवटी लॅबमधल्या मामांनी फिल्टर पेपर पुढे धरला, "सर, हा चुना कसला?" सगळं कॅल्शियम त्या पेपरवरच राहिलं होतं.

ज्याच्या नावाचं हे द्रावण, त्या सिडनी रिंगरचं नेमकं उलटं झालं होतं. कॅल्शियम न घालताही त्याच्याकडे हृदय छान चाललं, कारण द्रावण डिस्टिल्डऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं आणि त्यात कॅल्शियम होतंच. १८८३ मध्ये त्याने तसं छापून कबूल केलं.

तेव्हापासून मी कॅल्शियम क्लोराइड वेगळं विरघळवतो आणि सगळ्यात शेवटी, ढवळत थेंबथेंब घालतो. पुण्याच्या पावसाळ्यात त्याची बाटली उघडी ठेवायची नाही. ओल धरते, वजन फसतं.

बाकीच्या चुका किरकोळ, पण मार्क जातातच. कॅल्शियम आखडणाऱ्या मायोसिन प्रथिनाला नाही, ट्रोपोनिन सी या प्रथिनाला चिकटतं. पेशीत ते विश्रांतीला सुमारे १०० नॅनोमोलर असतं, ठोक्याला १ मायक्रोमोलरच्या आसपास जातं. मिलिमोलरमध्ये (मायक्रोमोलरच्या हजारपट) असतं ते बाहेर. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध कॅल्शियमचा चॅनेल उघडत नाही, सोडियम पंप अडवतं.

आणि "मग स्नायू आपोआप सैल होतो" म्हणणाऱ्याला मी परत बसवतो. आपोआप काही नाही. एसआरच्या भिंतीतला सर्का पंप एटीपी (पेशीचं इंधन) जाळून कॅल्शियम एसआरमध्ये परत भरतो, पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर ३ सोडियम आत घेऊन १ कॅल्शियम बाहेर काढतो. एकपानी नोट्समध्ये ही ओळ कधीच नसते.