फोनवरून मानसोपचार: आधी बोलायची जागा ठरवा

झोप उडाली, कशातच जीव लागेना, असं आठवडे चाललं असेल तर १४४१६ लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. साधा बटणाचा फोनही चालतो.

आपल्या खेड्यांत खरी अडचण नंबरची नाही, जागेची आहे. दोन खोल्यांच्या घरात सासू शेजारी कापूस निवडत बसली असताना सून मनातलं काय सांगणार? म्हणून रेंज आणि एकांत दोन्ही मिळेल अशी जागा आधीच हेरून ठेवा. शेतातला निंब चालेल, नाहीतर आशाताईंना सांगून उपकेंद्रातली रिकामी खोली मागा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. स्पीकर बंद ठेवा. आधीच्या गोळ्यांची पाकिटं जवळ असू द्या, समोरून नावं विचारतात.

घरात कुणी ‘जगणं नको’ म्हणत असेल तर ते रागाचं बोलणं समजून सोडून देऊ नका. फवारणीची औषधं लगेच दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि शेजारी बसूनच फोन लावा. जीवाला धोका वाटला तर थेट १०८.