रॉचेस्टर आवडतो की नाही, हे नंतर ठरवा

इंग्रजी साहित्यात एम.ए. करताना माझा पहिला निबंध ‘जेन एअर’ (1847) या कादंबरीच्या नायकावर, रॉचेस्टरवर होता. कादंबरी दोन रात्रींत संपवली आणि त्याच तंद्रीत लिहायला बसले. बाईंनी समासात एवढंच लिहिलं: ‘बर्थाचं म्हणणं कुठल्या पानावर आहे?’ शोधलं. कुठेच नाही! बर्था ही रॉचेस्टरने वरच्या मजल्यावर कोंडलेली त्याची बायको; तिची कहाणी आपण त्याच्याकडूनच ऐकतो, तीही नायिका जेनशी होणारं लग्न चर्चमध्ये मोडल्यावर तिने जाऊ नये म्हणून तो विनवण्या करत असताना. जीन ऱ्हीसने 1966 मध्ये ‘वाइड सरगॅसो सी’ या कादंबरीत बर्थाची बाजू मांडली, ती या रिकाम्या जागेतूनच.

मग मी त्याला खलनायक ठरवून मोकळी झाले. तोही निबंध फसला. कारण शेवटी जेन परतते ती वारशाचे 5,000 पौंड हाताशी घेऊन, आणि तो आंधळा, एक हात गमावलेला. कुणी याला बरोबरीचं लग्न म्हणतं, तर कुणी म्हणतं, बरोबरीसाठी त्याला आधी अपंग करावं लागलं. दोघांकडे पुरावा आहे. त्यात आणखी एक पाचर: तेव्हाच्या इंग्लंडमध्ये वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर बायकोची रोकड नवऱ्याची होई. हे चित्र बदललं ते 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना सांगते, वहीत नायकाला गुण देत बसू नका. गोष्ट कोण सांगतंय आणि पैसा कुणाच्या हातात आहे, एवढं पान क्रमांकासह टिपा. (‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक, पडद्यावरचा डार्सी डोक्यात असेल, तर त्याला काही दिवस बाहेर बसवा.)

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर (1813) आमच्या वर्गात शार्लटवरून, म्हणजे नायिका एलिझाबेथच्या मैत्रिणीवरून जुंपली होती. 27 वर्षांची, गाठीला पैसा नाही, म्हणून एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला लग्नासाठी हो म्हणाली. आम्ही बहुतेक जणी एलिझाबेथच्या बाजूने, नाक मुरडत. वर्गातली एकच विवाहित मैत्रीण शांतपणे म्हणाली, “तिने स्वतःच्या बसण्यासाठी मागची खोली निवडली, नवरा सारखा येऊ नये म्हणून. वाचलंत का ते?”

तिसाव्या प्रकरणात आहे. मी कादंबरी तीनदा वाचली होती.