पोरगं म्हणतं, "आई, मला हॉकीपटू व्हायचंय": ऑन्टारिओतल्या आईबाबांसाठी

मी खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, मातीचं मैदान आणि गुडघे फोडून घेतलेली पोरं. त्यामुळे २०१० साली मिसिसागात पाच वर्षांचा ओंकार शाळेतून येऊन "मला हॉकी खेळायचीय" म्हणाला, तेव्हा मी कौतुकाने हो म्हणून बसले. इथली हॉकी म्हणजे बर्फावरची, आइस हॉकी. पुढे कित्येक वर्षं पहाटे साडेपाचला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना तो 'हो' मला रोज आठवायचा.

आता ओंकार एकवीस वर्षांचा आहे. दर गणपतीत कोणीतरी आई मला बाजूला घेते आणि विचारते, "खरंच यात करिअर होतं का गं? सुरुवात कुठून करायची?" तेच सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. हे टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्यांसाठी आहे. व्हँकुव्हरकडे किंवा क्युबेकमध्ये लीगची नावं बदलतात, वाट साधारण हीच.

आधी नुसतं स्केटिंग

काठी घेऊ नका. खरंच, पहिले सहा महिने तरी नको. शहराच्या कम्युनिटी सेंटरमध्ये स्केटिंगचे वर्ग असतात, तिथे घाला. पहिल्या दिवशी शिक्षक पडायला आणि पडून उठायला शिकवतात: एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय रोवायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून वर यायचं. ओंकारला मी कठड्याबाहेरून "सांभाळून, सांभाळून" ओरडत होते. शिक्षिका येऊन हसत म्हणाली, तुम्ही जरा कॉफी घेऊन या. गेले. परत आले तर पोरगं उभं होतं.

स्केट्स बुटाच्या मापाचे घ्यायचे नाहीत. साधारण एक-दीड नंबर लहान लागतात. "पुढच्या वर्षीही होतील" हा आपला हिशेब इथे चालत नाही. सैल स्केटमध्ये घोटा लटपटतो आणि मूल पायाच्या आतल्या बाजूवर चालायला शिकतं. ती सवय मोडायला आम्हाला दोन वर्षं लागली. नवीन स्केट्सना धार लावून घ्या, नाहीतर मूल बर्फावर तुपावरून घसरल्यासारखं घसरतं.

बाकीचं सामान बिनधास्त जुनं घ्या. शिन पॅड, पँट, खांद्याचे आणि कोपराचे पॅड मुलांना एका वर्षात लहान होतात, त्यामुळे सेकंडहँड दुकानं भरलेली असतात. दोन गोष्टी मात्र नव्याच: हेल्मेट आणि गळपट्टा (मान झाकणारा संरक्षक पट्टा). हेल्मेट आणि त्याची जाळी सीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेचा, शिक्का असलेली हवी. गळपट्टा पोरांना टोचतो आणि ती काढून टाकतात, तेव्हा रागवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डच्या सामन्यात ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या मानेला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. तो पूर्वी एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला माणूस होता.

घरच्या लीगपासून 'ट्रिपल ए'पर्यंत

वयोगटांची नावं २०२० पासून सरळ झाली आहेत: यू-७ (म्हणजे सात वर्षांखालची), यू-९, यू-११, असं वर चढत यू-१८. जुने पालक अजून नॉव्हिस, ॲटम, पीवी म्हणतात, गोंधळू नका. लहान गटांत अर्ध्या किंवा त्याहून छोट्या बर्फावर खेळवतात. आईबाबांना ते खोटं हॉकी वाटतं, पण छोट्या जागेत प्रत्येक पोराच्या काठीला चेंडू (इथला चेंडू म्हणजे 'पक', रबराची काळी चकती) जास्त वेळा लागतो.

सुरुवात हाऊस लीगमधून. आठवड्याला एक सामना, एक सराव, खर्च आटोक्यात. त्याच्या वर निवड-संघ: ए, डबल ए, ट्रिपल ए. टोरोंटोत हे सगळं ग्रेटर टोरोंटो हॉकी लीगच्या छत्राखाली चालतं. ही १९११ सालची संस्था आहे आणि मुलांच्या हॉकीत जगात सर्वांत मोठी मानली जाते. म्हणजे तुमच्या शेजारचं मूल जगातल्या सर्वांत मोठ्या रांगेत उभं आहे, हे लक्षात असू द्या.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. वयाची कट-ऑफ १ जानेवारी. ओंकार डिसेंबर २००४ चा. त्याच्या गटात जानेवारीत जन्मलेली पोरं त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी, आणि आठव्या वर्षी एक वर्ष म्हणजे दोन-अडीच इंच उंची. निवडीत मोठी पोरं उचलली जातात, त्यांना चांगले प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि मग ती खरोखरच चांगली होतात. वर्षाअखेरीस जन्मलेल्या मुलाला आठव्या-नवव्या वर्षी नाकारलं तर घरी मातम करू नका. आमच्या पोराला ए संघात जागा मिळायला तिसरा प्रयत्न लागला.

पैसे. मोघम बोलत नाही, आमचाच हिशेब सांगते. पहिल्या वर्षी हाऊस लीग आणि जुनं सामान मिळून हजार डॉलरच्या आत झालं. डबल एच्या वर्षी सात हजारांच्या पुढे. ट्रिपल एच्या एकाच वर्षात, हॉटेलं आणि पेट्रोल धरून, पंधरा हजार. त्या वर्षी पुण्याची वारी रद्द झाली आणि माझ्या सासूबाई अजून ते सुनावतात. पैशाची अडचण असेल तर जम्पस्टार्टकडे (मुलांच्या खेळाच्या खर्चाला मदत करणारी संस्था) अर्ज करा. लाजू नका, ते पैसे त्यासाठीच आहेत. आणि उन्हाळ्यातली महागडी शिबिरं दहाव्या वर्षापर्यंत सरळ टाळा. उन्हाळ्यात पोराला फुटबॉल खेळू द्या, पोहू द्या. आम्ही एक शिबिर केलं. ओंकार तिथून फक्त एक टी-शर्ट आणि सर्दी घेऊन आला.

धक्का

यू-१३ पर्यंत अंगावर धडकायला परवानगी नाही. हा नियम कॅनडाभर २०१३ पासून आहे. यू-१५ च्या स्पर्धात्मक गटांत ते सुरू होतं. त्या वयात एक पोरगं मिशी फुटलेलं, पाच फूट दहा इंच, दुसरं आमच्यासारखं. धडक कशी द्यायची यापेक्षा कशी घ्यायची हे त्याआधीच्या वर्षात शिकवून घ्या: कठड्यापासून चार फुटांवर कधी थांबायचं नाही, एकतर चिकटून राहायचं किंवा लांब.

२०१८च्या हिवाळ्यात ओंकार नेमका त्या चार फुटांत सापडला. उठला, बाकावर आला, म्हणाला मी ठीक आहे. प्रशिक्षकाने पुढच्या पाळीला पाठवला. मी वरून पाहत होते आणि मला काही कळलं नाही, हे अजून खुपतं. गाडीत त्याने मला दोनदा विचारलं, आपण जिंकलो का. मग मी सरळ दवाखान्याकडे गाडी वळवली. सहा आठवडे खेळ बंद, पहिले काही दिवस फोनही बंद.

आता ऑन्टारिओत रोवन्स लॉ आहे. १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर रग्बी खेळताना डोक्याला लागोपाठ मार बसून २०१३ मध्ये गेली, तिच्या नावाचा कायदा. दरवर्षी नोंदणीआधी डोक्याच्या इजेची माहिती वाचून सही करावी लागते. सगळे न वाचता सही करतात. तुम्ही वाचा. शंका आली तर खेळाडू बाहेर, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सामन्यात परत नाही. प्रशिक्षक काहीही म्हणो.

पंधरावं वर्ष

करिअरचा खरा दरवाजा इथे आहे, आणि तो फार लवकर येतो. यू-१६ ट्रिपल ए खेळणाऱ्या मुलांतून ऑन्टारिओ हॉकी लीगचे, म्हणजे ओएचएलचे, २० संघ निवड करतात. निवड झालेलं पोरगं सोळाव्या वर्षी घर सोडतं. सडबरी, सू सेंट मरी, कुठेही. तिथे अनोळखी कुटुंबाकडे राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, हंगामात ६८ सामने, बसचे प्रवास. वेन ग्रेट्झकी सुद्धा सू सेंट मरीला असाच गेला होता आणि ९९ नंबर त्याला तिथेच चिकटला. या मुलांना खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळते. करारावर सही करण्याआधी ते कलम नीट वाचा, आणि ती किती काळात वापरायला हवी हे विचारा.

आमची निवड एप्रिल २०२० ला होती. महामारी, सगळे घरात. निवड ऑनलाइनच असते. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉप लावून बसलो. १५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत संघ पाळीपाळीने एकेक मुलगा उचलतात. पाचव्या फेरीनंतर मी पोहे टाकायला उठले, बसवेना. शेवटच्या फेरीत त्याच्या संघातल्या गोलकीपरचं नाव आलं. ओंकारने त्याला फोन करून अभिनंदन केलं आणि मग थंडगार पोहे खाल्ले.

निवड झाली नाही म्हणजे संपलं, असं नाही. अर्शदीप बेन्स बघा: ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा पंजाबी मुलगा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या अशाच निवडीत, त्याला कोणी घेतलं नाही. २०२१-२२ मध्ये तो पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगचा सर्वाधिक गुणांचा खेळाडू ठरला, एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने करार केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलचा पहिला सामना खेळला. त्याआधी भारतीय वंशाचा रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये पोचला होता, आणि आमच्या मिसिसागातच जन्मलेला मॅनी मल्होत्रा ९९१ सामने खेळला.

पूर्वी या वयात मोठा घोळ असायचा. ओएचएलमध्ये खेळलात की अमेरिकी विद्यापीठांचा रस्ता बंद, कारण ते त्या लीगला व्यावसायिक समजत. ऑगस्ट २०२५ पासून तो अडसर गेला. जुने पालक अजून "एक सामना खेळला तरी संपलं" असं सांगतात, त्यांचं ऐकू नका. मुलगा उशिरा वाढणारा असेल तर ज्युनियर ए (ओएचएलच्या खालची पायरी) आणि मग विद्यापीठ हीच वाट मला शहाणपणाची वाटते. शाळेचे गुण मात्र नववीपासून सांभाळा, विद्यापीठ तेही बघतं.

त्याच्या वर

एनएचएल ड्राफ्ट: ७ फेऱ्या, ३२ संघ, जगभरातून २२४ मुलं. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण हवीत. इतक्या लहान वयात करार झाला तर पहिला तीन वर्षांचाच असतो. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला पावणेआठ लाख अमेरिकी डॉलर आहे, पण तो फक्त वर असेपर्यंत. बहुतेक नवीन करारांत दोन आकडे असतात: एनएचएलचा, आणि खालच्या एएचएलचा, जो त्याच्या जवळपासही नसतो. सोमवारी वर, गुरुवारी खाली. त्याखाली ईसीएचएल, जिथे पगार तुटपुंजा पण राहायला घर मिळतं. आणि मग युरोप: स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी. तिथे चांगलं पोट भरणारे कितीतरी आहेत, फक्त आपल्याला त्यांची नावं माहीत नसतात. एजंट खेळाडू संघटनेने मान्यता दिलेलाच घ्या. चौदाव्या वर्षी 'सल्लागार' म्हणून पैसे मागणारा आला तर चहा पाजून वाटेला लावा.

मुलगी असेल तरी हे सगळं वाचा. १ जानेवारी २०२४ ला टोरोंटोत महिलांच्या व्यावसायिक लीगचा, पीडब्ल्यूएचएलचा, पहिला सामना झाला. पहिल्या हंगामात सरासरी पगार ५५ हजार डॉलरच्या आसपास ठरला होता. एनएचएलपुढे काहीच नाही, पण दहा वर्षांपूर्वी मुलीच्या आईला सांगायला माझ्याकडे काय होतं?

ओंकार आता फिजिओथेरपीकडे जायच्या तयारीत आहे आणि शनिवार-रविवार शिट्टी घेऊन लहान मुलांचे सामने चालवतो. पंचांचा कोर्स त्याने चौदाव्या वर्षीच केला होता. तुमच्याही पोराला करायला लावा. हातखर्चाला पैसे मिळतात आणि आईबाबा कठड्याबाहेरून किती मूर्खासारखे ओरडतात ते आतून कळतं. परवा मला म्हणाला, "तूसुद्धा ओरडायचीस." मी नाही म्हटलं. त्याने नुसतं बघितलं.

हो, बॅग राहिली. प्रत्येक सरावानंतर घरी आल्या आल्या सगळं सामान बाहेर काढून वाळत टाका, स्केट्सची पाती पुसा, हातमोजे उताणे ठेवा. एक रात्र बंद बॅगेत राहिलं तर बोंबील परवडला असा वास येतो, आणि तो गाडीतून मार्चपर्यंत जात नाही.