मोबाईलसाठी वेगळे डोमेन घ्यावे का? पुण्यातील छोट्या व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रेता असो, लक्ष्मी रस्त्यावरील साड्यांचे दुकान असो किंवा सदाशिव पेठेतील विद्यार्थ्यांची खाणावळ, त्यांचे संकेतस्थळ आज बहुतेक ग्राहक मोबाईलवरच उघडतात. त्यामुळे नवे संकेतस्थळ करताना ‘मोबाईलसाठी वेगळे डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता) घ्या’ असा सल्ला अजूनही अधूनमधून मिळतो. माझे मत स्पष्ट आहे: डोमेन एकच घ्यावे आणि दुसऱ्या पत्त्यावरचा खर्च वाचवून तो पाने मोबाईलवर नीट चालतील यासाठी करावा.

वेगळ्या डोमेनचा प्रयोग यापूर्वी होऊन गेला आहे. नोकिया, मायक्रोसॉफ्ट, व्होडाफोन, गुगल अशा बड्या कंपन्यांच्या पाठबळाने २००६ मध्ये ‘डॉट मोबी’ हे खास मोबाईलसाठीचे डोमेन सुरू झाले. तेव्हाच्या फोनचे पडदे लहान आणि जोडणी संथ असल्यामुळे या डोमेनवरील पाने ठरावीक साध्या पद्धतीनेच रचावीत, असा नियम होता. त्याच वर्षी ‘फ्लॉवर्स डॉट मोबी’ हे नाव लिलावात २,००,००० डॉलरला विकले गेले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मात्र २००४ मध्येच या कल्पनेला विरोध केला होता. उपकरण कोणतेही असले तरी एका पत्त्यावर तीच माहिती मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे २००७ मध्ये आयफोन आला आणि फोनवर पूर्ण संकेतस्थळे दिसू लागली. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेची कल्पना मांडली, आणि वेगळ्या डोमेनची गरज जवळजवळ संपली. डॉट मोबी आजही विकत मिळते, परंतु ते घेतल्याने गुगलसारख्या शोधात वरचे स्थान मिळत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डॉट इन किंवा डॉट कॉम यांपैकी एक नाव निवडा आणि ते फोनवरून कोणाला तरी सांगून पाहा. मराठी नावातील दीर्घ स्वर रोमन लिपीत एका अक्षराने लिहायचा की दोन, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत असेल, तर दुसरे नाव शोधा. डोमेनची नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर न होता तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर झाली पाहिजे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण पुढे त्या व्यक्तीशी संबंध तुटला की दुकानाच्या पाटीवर छापलेला पत्ताच हातातून जाण्याची भीती असते. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका. नूतनीकरणाचा दर आधीच विचारून घ्या.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. मराठी ग्राहकाला पत्ता वाचता यावा यासाठी ते जोडीला अवश्य घ्यावे, मात्र त्यावर स्वतंत्र संकेतस्थळ उभारू नये. ते मुख्य पत्त्याकडे कायमस्वरूपी वळवावे. ईमेलसाठी सध्या रोमन पत्ताच वापरावा, कारण देवनागरी पत्ता सर्व ठिकाणी स्वीकारला जात नाही.

आधीच ‘एम डॉट’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर वेगळी मोबाईल आवृत्ती असेल, तर ती एकदम बंद करू नका. तिचे प्रत्येक पान मुख्य संकेतस्थळावरील त्याच विषयाच्या पानाकडे ३०१ प्रकारच्या पुनर्निर्देशनाने (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप आणि कायमचे नव्या पत्त्यावर नेणाऱ्या सोयीने) वळवा. सगळी पाने मुखपृष्ठाकडे वळवली, तर पुस्तकांच्या यादीसाठी आलेला विद्यार्थी मुखपृष्ठावर अडकतो आणि निघून जातो. गुगल २०२३ पासून जवळजवळ सर्वच संकेतस्थळांची मोबाईल आवृत्ती पाहूनच शोधासाठी नोंद घेते. म्हणून संगणकावर दिसणारा मजकूर मोबाईलवर लपवणे किंवा कापणे टाळावे.

मराठी पानांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व उपकरणांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात असावा. जुन्या फॉन्टमधील किंवा चित्ररूपातील मजकूर शोधात सापडत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची असंख्य रूपे असल्याने त्याची फाईल रोमन फॉन्टपेक्षा सहसा जड असते. त्यामुळे फॉन्टचे साधा, ठळक असे जाडीचे दोनपेक्षा अधिक प्रकार लादू नयेत, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधील मूळ फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सोय ठेवावी. वर-खाली येणाऱ्या मात्रा आणि उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त द्यावे. अक्षरे निदान १६ पिक्सेलची आणि बटणे सुमारे ४८ पिक्सेलची असावीत. फोन क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागावा. दुकानाच्या वेळा, विशेषतः दुपारी दुकान बंद असते का, हे पान न सरकवता दिसावे.

पुण्यात ५जी २०२२ मध्येच आले असले, तरी जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात, इमारतीच्या तळघरात किंवा मुळशी-भोरच्या डोंगराळ गावांत जोडणी मंदावते. वाढीचा नवा वाटा अशाच ठिकाणच्या, मराठीत शोधणाऱ्या आणि स्वस्त स्मार्टफोन वापरणाऱ्या लोकांकडून येईल, असे मला वाटते. म्हणून संकेतस्थळ कार्यालयातील वायफायवर न तपासता स्वस्त अँड्रॉइड फोनवर, मोबाईल डेटावर तपासावे. नंतर गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासणाऱ्या साधनात पत्ता टाकून तीन आकडे पाहावेत: पानातील मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट टेकवल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मांडणी हलण्याचे मोजमाप ०.१ पेक्षा जास्त नसावे. पहिला आकडा बिघडला असेल, तर बहुधा वरचे मोठे छायाचित्र त्याला कारणीभूत असते. ते वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात, मोबाईलच्या रुंदीइतके लहान करून पुन्हा चढवावे आणि चाचणी पुन्हा घ्यावी.