दहावीला नव्वदच्या पुढे गेलेल्या मुलांच्या पालकांची पुढची दोन वर्षं

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की घरात पहिली चर्चा होते ती अकरावी सायन्सच्या क्लासची. ती आठवडाभर पुढे ढकला. राज्य मंडळाच्या बहुतेक विषयांत २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळून जातो. त्यामुळे ९४ टक्क्यांवरून मुलाला गणित आणि विज्ञान किती झेपतं, हे नीट कळत नाही.

ते कळायचं असेल तर एक साधी गोष्ट करा. आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतली पाच गणितं काढा. दोन तास द्या, उत्तरं लपवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. किती सुटली ते मोजू नका. एकही सुटली नाही तरी बिघडत नाही. अडल्यावर मूल किती वेळ झगडतं आणि कागदावर काय काय करून बघतं, एवढंच पाहा. पाच मिनिटांत “हे आम्हाला शिकवलं नाही” असं म्हणून उठलं, तर अकरावीतल्या धक्क्याची तयारी ठेवा. हुशार मुलांची खरी अडचण इथेच असते: दहावीपर्यंत त्यांना कधी अडण्याची सवयच लागलेली नसते. अकरावीच्या पहिल्या चाचणीत ५० पैकी १९ पडले की ती मुकाट्याने ठरवतात, ‘आपल्याला जमत नाही.’ अशा वेळी ओरडणं आणि “पुढच्या वेळी होईल” म्हणून सोडून देणं, दोन्ही चुकीचं. उत्तरपत्रिका मागवा, शेजारी बसा आणि गुण नेमके कुठे गेले ते मुलाकडूनच काढून घ्या.

विषय निवडताना पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) की चारही, हा प्रश्न येतो. डॉक्टर व्हायचं नक्की आहे म्हणून अकरावीतच गणित सोडलं, तर अभियांत्रिकीसोबत संख्याशास्त्राच्या वाटाही बंद होतात. गणितात बरी गती असेल तर पहिलं वर्ष चारही विषय ठेवणं शहाणपणाचं. ओझं वाढतं हे खरं, पण पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय बदलायला जागा राहते.

आता क्लास. त्याच्या जाहिरातीपेक्षा दिवसाचा हिशेब आधी करा. कॉलेज ५ तास, क्लास ३ तास, प्रवास २ तास, झोप साडेसात तास, जेवण-अंघोळ-इतर ३ तास. उरले साडेतीन. क्लासच्या प्रत्येक तासामागे निदान एक तास स्वतः गणितं सोडवायला हवा, नाहीतर ऐकलेलं वाहून जातं. प्रवास अडीच तासांच्या वर गेला की हा हिशेब कोलमडतो. मग नावाजलेला लांबचा क्लास सोडून जवळचा बरा क्लास घ्या. लातूर किंवा कोट्याला पाठवायचा विचार असेल तर आधी आठ-दहा दिवस तिथे राहून मुलाला काय वाटतं ते पाहा. फी एकरकमी भरू नका. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरून मूल मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. क्लासकडून हे लेखी घ्या. हजेरी फक्त कागदावर लावणाऱ्या कॉलेजांपासून दूर राहा. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि प्रयोगशाळा न पाहिलेलं मूल पुढे पदवीच्या पहिल्या वर्षात चाचपडतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना दिवाळीपर्यंत जास्तीचा वेळ लागतो. बुद्धी कमी पडत नाही, शब्द अडतात. दोन रकान्यांची वही करा: त्वरण–ॲक्सिलरेशन, संवेग–मोमेंटम, रोज आठ-दहा शब्द. परीक्षेची भाषाही नीट समजून घ्या. जेईई मेन (अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा) आणि नीट (वैद्यकीयची) मराठीतून देता येतात, मात्र भाषांतरात घोळ निघाला तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानतात. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर इंग्रजीतच येतो. थोडक्यात, शिकणं मराठीतून झालं तरी प्रश्न इंग्रजीतून वाचायचा सराव हवाच.

एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो. हा आकडा ऐकून अकरावी सोडून देणारी मुलं दरवर्षी भेटतात. जेईई आणि नीटमध्ये अशी सूट नाही, आणि बारावीचं भौतिकशास्त्र अकरावीच्या यांत्रिकीवरच उभं आहे. गुणपद्धतीही वेगळी: जेईईत बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १, सीईटीत वजा गुण नाहीत. म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईच्या सवयीने सोडून येणारी मुलं असतात!

सराव परीक्षेनंतर “किती पडले?” हा प्रश्न गिळा. चुकांची वही ठेवायला लावा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहू द्या: संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. तीन परीक्षांनंतर कारणांची संख्या मोजा. वाचण्यातल्या चुका जास्त असतील तर आणखी एक क्लास लावून काहीच होणार नाही.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय यांपलीकडचे अर्ज पालकांनीच शोधावेत, कारण क्लास ते सांगत नाही. पुण्यासह देशात सात आयसर, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्था, आहेत. त्यांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी आणि मुंबई विद्यापीठातल्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट ही परीक्षा. गणिताची ओढ असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी, कायद्यासाठी क्लॅट. अर्ज मूल भरत असलं तरी मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा द्या, पासवर्ड एका वहीत लिहा. शेवटच्या तारखा बारावीच्या अभ्यासाच्या गर्दीत येतात, तेव्हा मुलाला त्यांची आठवण राहत नाही.

आता कागदपत्रं, आणि यात खरी मेहनत पालकांचीच. कमी गुणांमुळे हुकलेली जागा पुढच्या फेरीत मिळू शकते. कागदाअभावी हुकलेली सहसा मिळत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आधी पाहा. अधिवास, राष्ट्रीयत्व आणि उत्पन्नाचे दाखले अकरावीतच काढा. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याचा अर्ज अकरावीच्या पहिल्या सत्रात कॉलेजमार्फत करा. वडील आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा, वंशावळीचं शपथपत्र आणि विहित तारखेपूर्वीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांची शाळा गावाकडे असेल तर सुट्टीत जाऊन उतारा काढून आणा. फोनवर हे काम होत नाही.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्याचे (मागासवर्गीय कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) दोन नमुने आहेत आणि लोक इथेच फसतात. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना चालतो. आयआयटी, एनआयटीला केंद्राचा लागतो, तोही त्याच वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे निकषात बसत असाल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रमाणपत्र वेगळं काढा.

पैशाचं आधी बोलून घ्या, मुलासमोरच. वर्षाला किती झेपेल तो आकडा सांगितला की मुलं पसंतीक्रम समजून लावतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतूनच, हवा; व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

झोप तोडून अभ्यास चालू असेल, जेवण कमी झालं असेल, मित्रांचे फोन उचलणं बंद झालं असेल, तर चाचणी बाजूला ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि पालकही त्यावर बोलू शकतात.

पसंतीक्रम भरताना ‘मिळेल ते’ वर आणि ‘हवं ते’ खाली, ही चूक करू नका. क्रम आवडीचाच लावा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. २०२५च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होत होती. नको असलेलं कॉलेज वरच्या सहांत ठेवलेल्यांना तेच घ्यावं लागलं. दरवर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नये. प्रवेशाच्या दिवशी शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं. देण्याआधी त्याचं रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, वसतिगृहाच्या अर्जाला आणि शिष्यवृत्तीला त्या लगेच लागतात.