चंद्र परातीत मांडण्याआधी

पाण्याचं घमेलं. आधी ते, मग बाकीचं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी घरात खेळायला चंद्र-मंगळ मांडायचे तर सामान स्वयंपाकघरातच मिळतं, मांडायलाही अक्कल लागत नाही. पण रंगात आलेल्या खेळात पिठाने माखलेले हात अचानक वर होतात, ‘हात धुवायचेत, आत्ता’ असा धोशा सुरू होतो, आणि पाणी असतं बाथरूममध्ये. मागच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच झालं. पडद्यावर चंद्र, सोफ्यावर चंद्र, दाराच्या कडीवरसुद्धा चंद्र. म्हणून पसरट घमेलं, त्यात चार बोटं कोमट पाणी, शेजारी साबण आणि जुना टॉवेल, सगळं चादरीच्या काठावर, पिठाचा डबा उघडायच्या आधी. भरलेली बादली ठेवू नका. लहान मूल डोक्यावर आत पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. चार बोटं पाणी असलं तरी नजर हलवायची नाही, आणि खेळ संपला की घमेलं लगेच रिकामं.

जुनी चादर, जुने कपडे, मोठी परात. हे कुणाला सांगायला नको. पंखा बंद करा, हे मात्र सांगावं लागतं. पोरांचं पोट भरलेलं असू द्या, नाहीतर अर्धा चंद्र पोटात जाईल.

आता चंद्राची माती. आठ वाट्या मैद्याला एक वाटी तेल, हाताने चोळून चोळून. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने दाबली की फुटली पाहिजे. शंकरपाळ्यांचं मोहन ज्यांनी चोळलंय त्यांना अंदाज आहेच. पांढराफेक चंद्र नको असेल तर दोन-तीन वाट्या मैद्याऐवजी नाचणीचं पीठ घ्या, छान मळकट रंग येतो. तेल साधं, बिनवासाचं. घरात कुणाला शेंगदाणा किंवा गहू चालत नसेल तर ते तुम्हालाच जास्त माहीत. कच्चं पीठ पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून अजून सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर मैदा नकोच. चुरमुरे मिक्सरमधून फिरवा, तो चुरा परातीत पसरा. मूठ वळणार नाही, पण खाल्ला तरी बिघडत नाही. टाल्कम पावडर आणि रांगोळी दोन्ही वर्ज्य: बारीक भुकटी उडते आणि छातीत जाते.

तेलाचं पीठ नुसत्या पाण्याने निघत नाही, म्हणून घमेल्याशेजारी साबण म्हटलं. आधी कोरड्या फडक्याने हात पुसायचे, मग घमेलं. आणि हे पीठ फरशीवर सांडलं की फरशी घसरडी होते. पोरं पडत नाहीत, आपण पडतो.

या मातीत ठसे उमटवायचे. बुटाचा तळवा, काटा, खेळण्यातल्या गाडीची चाकं. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, म्हणून १९६९ साली उमटलेले अंतराळवीरांच्या बुटांचे ठसे पुसायला तिथे वारा नाही, एवढं पोरांना सांगितलं तरी ती परातीवर फुंकर मारायची थांबतात. निदान थोडा वेळ. गाडी फिरवताना प्रज्ञानची आठवण काढा: २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला, त्यातून सहा चाकांची २६ किलोची ही गाडी बाहेर आली आणि सेकंदाला एक सेंटीमीटर अशा चालीने फिरली. पोराला म्हणावं, तेवढ्याच हळू चालवून दाखव. पाच वर्षांच्या मुलाला तो वेग अशक्य वाटतो, आणि खोलीत जरा शांतता होते. २३ ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे, त्या आठवड्यात बालवाडीकडून असलं काहीतरी करून पाठवा असा निरोप येतोच. आदल्या रात्री धावाधाव करू नका.

विवरांसाठी दुसरी परात लागते. तेल लावलेल्या पिठात विवर नीट होत नाही, नुसता खड्डा पडतो. कोरडा मैदा दोन-तीन इंच पसरा, वर चाळणीने नाचणीच्या पिठाचा पातळ थर द्या आणि उभ्या उभ्या लिंबू सोडा. सोडायचं, फेकायचं नाही. हा फरक मुलांना तीनदा सांगावा लागतो. खालचं पांढरं पीठ उसळून चारी बाजूंना रेघा उमटतात. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बिणीतून टायको विवराभोवती दिसतात त्या अशाच उसळलेल्या मातीच्या. लिंबापेक्षा खड्डा मोठा का झाला, हा प्रश्न मोठं मूल विचारेल. उत्तरादाखल लोणारचा फोटो दाखवा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद आहे, आणि आकाशातून आदळून ते करणारा दगड त्याहून कितीतरी लहान होता. शिवाय ते बसाल्टमध्ये पडलेलं आहे, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात, आणि चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचेच. शास्त्रज्ञ लोणारला जातात ते त्यासाठी. गोट्या, चिंचोके, मणी वापरू नका. तोंडात जातात, नाकात जातात. मूग-उडीदही नकोत, नाकात गेलेली डाळ ओलाव्याने फुगते.

इथवर दोन परातींचं पीठ झालं. घमेल्यातलं पाणी दाट झालं असेल. बदला. दुसरं घमेलं भरून ठेवलंत तर आणखी बरं. मध्येच उठून पाणी आणायला गेलात तर मागे काय होईल, ते मी वर लिहिलंय.

थंड-गरमचा खेळ मला सगळ्यात आवडतो. विक्रमने चंद्राच्या जमिनीत एक सळई खुपसून तापमान मोजलं, तर वरचा थर पन्नास अंशांच्या आसपास तापलेला आणि अवघ्या आठ सेंटीमीटर खाली उणे दहा. पिठाच्या दोन भागांपैकी एक आदल्या रात्री डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, तो खाली. दुसरा खोलीतला, तो वर. मुलाला बोट खुपसायला सांगा आणि चेहरा बघा.

मंगळ लाल असतो तो लोखंडाच्या गंजामुळे, आणि आपला गेरूही लोह ऑक्साइडच. म्हणजे मंगळ किराणा दुकानात मिळतो. पण गेरू फरशीच्या फटीत बसला की बसला, म्हणून हा ग्रह गच्चीवर किंवा अंगणात. आणि घमेलंही तिथेच न्या! घरातलं घमेलं मंगळावर उपयोगाचं नाही.

परग्रहावरची अंडी हवी असतील तर सब्जा वीस मिनिटं भिजवा. काळा ठिपका, भोवती बुळबुळीत आवरण, पोरं किंचाळतात. बाजारात पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी मिळतात, ते घरात आणूच नका. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात, शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. ‘आम्ही बघत असतो ना’ हे चालत नाही, एखादा मणी कपाटाखाली जातो आणि पंधरा दिवसांनी रांगणाऱ्याला सापडतो. चमकीही नको. बोरॅक्सचा चिकट गोळा (स्लाइम) नको.

अंधाऱ्या खोलीत तारे: स्टीलच्या चाळणीखाली मोबाइलचा टॉर्च, छतावर ठिपके. चाळणी वर-खाली केली की ठिपके लहान-मोठे होतात. रेडियमचे तारे (नावालाच रेडियम) आधी उजेडात ठेवावे लागतात. बटण सेलवर चालणारे छोटे टॉर्च मुलांच्या हातात नकोत; तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. अंधाराचा खेळ हात धुतल्यावरच. घमेलं, साबण, टॉवेल, मग दिवा बंद.

आवरणं. चादर चारी कोपऱ्यांनी उचला, बाहेर झटका. फरशी आधी झाडूने, मग ओल्या फडक्याने, उलटं केलंत तर खळ होईल. पीठ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपातही खळच होते. घमेल्यातलं पाणी झाडाला नको, त्यात साबण आहे. तेलाची माती घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकते, खवट वास आला की फेका. डब्यावर ‘खायचं नाही’ अशी चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी ती तळायला घेईल.